छोट्या व्यवसायाची वेबसाइट: कोटेशन वाचायच्या आधी

वेबसाइट करायची ठरली की माणूस दोन-तीन ठिकाणी विचारतो आणि चक्रावतो. एक म्हणतो शंभर, दुसरा म्हणतो तीनशे, तिसऱ्याचा आकडा थेट हजारावर. तिघांच्याही कागदावर ओळ मात्र एकच: ‘पाच पानांची वेबसाइट, मोबाइलवर चालणारी’. मग मालकाला वाटतं, हजारवाला लुटतोय किंवा शंभरवाला गंडवतोय. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. तिघं तीन वेगळ्या वस्तू विकत असतात आणि तिन्हींचं नाव एकच असतं, एवढीच गोम आहे. शंभरवाला तयार साच्यात तुमचं नाव आणि फोन नंबर घालून देणार. तीनशेवाला तो साचा तुमच्या कामाप्रमाणे वळवून देणार. हजारवाला तुमच्याशी चार बैठका घेणार, मजकूर स्वतः लिहिणार आणि वर्षभर फोनही उचलणार. (आकडे कुठल्याही चलनातले समजा, इथे फक्त प्रमाण बघायचं आहे.)

मी काही वर्षं लोकांच्या वेबसाइट बांधतोय आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांनी बांधलेल्या निस्तरतोय. निस्तरताना एक गोष्ट लक्षात आली. बांधणी महाग पडली म्हणून रडणारे थोडे. बाकीच्यांचं रडगाणं नंतरचं असतं. पासवर्ड कुणाकडे आहे माहीत नाही, बांधणारा फोन घेत नाही, एक नंबर बदलायचा तर पैसे मागतो. म्हणून ‘किती खर्च येईल’ या प्रश्नाच्या आधी ‘हे सगळं कुणाच्या नावावर राहणार आणि पुढे कोण बघणार’ हा प्रश्न विचारायला हवा. खर्चाचं गणित त्यातूनच सुटतं.

नाव विकत मिळत नाही

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव. आपण ‘डोमेन विकत घेतलं’ म्हणतो, पण ते कायमचं कुणालाच मिळत नाही. डोमेन नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणारी आयकॅन ही संस्था १९९८ साली स्थापन झाली. तिने मान्यता दिलेल्या कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात आणि नाव नोंदवायचं ते त्यांच्यामार्फत. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं, पुढे पुन्हा पैसे भरायचे. मोबाइल नंबरासारखंच आहे हे. रिचार्ज चालू आहे तोवर नंबर तुमचा. कंपनी बदलायची असेल तर नंबर सोबत नेता येतो. पण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर असेल, तर कितीही वर्षं वापरलंत तरी तो नंबर तुमचा नाही.

एक छायाचित्रकार माझ्याकडे आले होते. वेबसाइट एका सकाळी बंद पडलेली, ईमेलही बंद, कारण ईमेलचा पत्ता त्याच नावावर. नाव त्यांनी कार्डांवर, गाडीवर, सगळीकडे छापलेलं. शोधाशोध केल्यावर कळलं की वेबसाइट बांधणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून नोंदवलं होतं आणि तो केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागला होता. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी रजिस्ट्रारने आठवण द्यावी, असा आयकॅनचा नियम आहे. आठवण आली असणार, पण ती नोंदीत ज्याचा ईमेल आहे त्याला. तो ईमेल आता कुणीच उघडत नव्हतं. अशी नावं लगेच हातची जात नाहीत. डॉट कॉमच्या बाबतीत नोंद रद्द झाल्यावरही ती सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, पण तेव्हाचं शुल्क नेहमीच्या वार्षिक शुल्काच्या कितीतरी पट असतं. आणि सोडवायचं तरी कुणी? ज्याच्या खात्यात आहे त्याने. छायाचित्रकारांचं नाव नोंदीत नव्हतंच. तो बांधणारा सापडला आणि भला निघाला, म्हणून निभावलं.

त्यामुळे डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डावर नोंदवा. अर्ध्या तासाचं काम आहे, बांधणाऱ्याला शेजारी बसवून केलं तरी चालेल. ‘आमच्याकडे डोमेन फुकट’ या मोहात पडू नका. फुकट असतं ते पहिलं वर्ष, आणि खातं त्यांचं असतं. नोंदणीत जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? आणखी एक बघा. पहिल्या वर्षाचा दर बहुतेक वेळा सवलतीचा असतो. खरा दर रिन्यूअलचा, आणि तो बारीक अक्षरात असतो. बजेटमध्ये तोच धरायचा.

एखादं जुनं डोमेन आपल्याच नावावर आहे का, हे पूर्वी जाहीर नोंदीत दिसायचं. २०१८ पासून युरोपातल्या खासगीपणाच्या कायद्यामुळे बहुतेक नोंदींत मालकाचं नाव झाकलेलं असतं. खात्री करण्याचा साधा मार्ग एकच उरला: रजिस्ट्रारच्या खात्यात तुम्हाला स्वतःला लॉगिन करता येतं का ते करून बघा.

जागा

होस्टिंग म्हणजे वेबसाइटच्या फायली ज्या संगणकावर राहतात तिथलं भाडं. छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटला अनेकांच्यात वाटून घेतलेलं साधं होस्टिंग पुरतं. दिवसाला दोन-चारशे लोक येणार असतील तर वेगळा सर्व्हर घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. ‘अनलिमिटेड’ या शब्दाला भुलू नका, त्याच्या मर्यादा अटींच्या पानावर लिहिलेल्या असतात. त्यापेक्षा रोजचा बॅकअप मिळतो का आणि तो परत बसवून देण्याचे वेगळे पैसे पडतात का, एवढं विचारा.

पत्त्यामागचं सुरक्षा प्रमाणपत्र, ज्याला लोक एसएसएल म्हणतात, ते हवंच. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवतो. पण लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा सेवा ही प्रमाणपत्रं २०१५ पासून फुकट देते आणि बरीच होस्टिंग ती आपोआप बसवतात. कोटेशनमध्ये दरवर्षीच्या एसएसएलची भारदस्त रक्कम दिसली, तर ती कशासाठी आहे ते विचारायला लाजू नका.

वेबसाइट हवीच का?

माझ्या पोटावर पाय देणारा प्रश्न आहे, पण प्रामाणिक उत्तर असं की सगळ्यांना लगेच नको असते. काम ओळखीतून येत असेल आणि लोक नकाशावर पत्ता व वेळ बघूनच पोचत असतील, तर नकाशावरची नोंद नीट भरा, चार चांगले फोटो टाका, एवढ्यावर वर्षभर निघतं. मात्र दुसऱ्याच्या अंगणात किती पसारा मांडायचा याचा विचार हवा. गूगल छोट्या व्यवसायांना त्यांच्या प्रोफाइलवरून एक फुकट वेबसाइट करून देत असे. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली. नकाशावरची नोंद राहिली, वेबसाइट गेली. ज्यांनी त्याच वेबसाइटचा पत्ता छापून वाटला होता त्यांचं सगळं छापील साहित्य एका घोषणेत वाया. सोशल मीडियाचंही तसंच. खातं अडकलं तर दाद मागायला माणूस सापडत नाही. म्हणून दुसरं काही नाही केलंत तरी डोमेन तेवढं आजच नोंदवून ठेवा. ते सध्या सोशल मीडियाच्या पानाकडे वळवता येतं, आणि उद्या वेबसाइट झाली की तिकडे. कार्डावरचा पत्ता बदलावा लागत नाही.

वेबसाइट करायचीच, तर छोट्या व्यवसायासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक, विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय यांसारख्या सेवा. महिन्याला भाडं भरायचं, साचा निवडायचा, खेचाखेच करून पानं मांडायची. होस्टिंग, सुरक्षा, अपडेट, सगळं त्यांच्याकडे. दुपारी बसलात तर रात्रीपर्यंत काहीतरी उभं राहतं. तोटा निघताना कळतो. लिहिलेला मजकूर आणि फोटो नेता येतात, उत्पादनांची यादीही बहुधा बाहेर काढता येते, पण वेबसाइट आहे तशी उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. भाडं वाढलं तर भरायचं, नाहीतर नव्याने मांडायचं.

दुसरी वाट वर्डप्रेसची. वेबसाइट बांधण्याचं, २००३ साली आलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे, म्हणजे ते वापरायला पैसे लागत नाहीत आणि कुठल्याही होस्टिंगवर हलवता येतं. एक डेव्हलपर गेला तर दुसरा सहज मिळतो, हा मोठा आधार. पण फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट वेबसाइट नव्हे. वर्डप्रेसला जे काही नवीन शिकवायचं ते प्लगइनमधून. अर्ज भरून घेणारं एक, फोटो फिरवणारं दुसरं, वेळ ठरवून देणारं तिसरं. प्रत्येक प्लगइन वेगळ्या माणसाने लिहिलेलं, प्रत्येकाला अपडेट लागणार, आणि वर्डप्रेसमधल्या घुसखोरीला वाट बहुतेक वेळा अशा जुनाट प्लगइनमधूनच मिळते. म्हणून बांधणाऱ्याला विचारा, ‘किती प्लगइन वापरणार?’ आकडा दहाच्या आत असेल तर मी निर्धास्त असतो. तीसच्या पुढे गेला तर त्याने काम केलेलं नाही, गोळा केलंय. आणि अपडेट कोण करणार याचं नाव ठरलं नसेल, तर वर्डप्रेस घेऊच नका. त्यापेक्षा भाड्याची वाट बरी.

सगळं शून्यापासून लिहून घेण्याची तिसरी वाटही आहे. तुमच्या कामाला खरोखरच निराळी यंत्रणा लागत असेल तर ती घ्या. फक्त आपली वेबसाइट ‘इतरांसारखी दिसू नये’ म्हणून ही वाट धरलेले लोक मी पाहिलेत, आणि लिहिणारा निघून गेल्यावर त्या वेबसाइटला हात लावायला कुणी तयार होत नाही हेही.

मजकुराचं घोडं

आता कुठल्याच कोटेशनमध्ये नसलेला खर्च. वेबसाइटची कामं रखडतात ती डेव्हलपरमुळे कमी, मालकाकडून मजकूर न आल्यामुळे जास्त. डिझाइन महिन्यात तयार होतं आणि मग ‘आमच्याविषयी’चं पान तीन महिने कोरं राहतं. शेवटी घाईघाईने ‘आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही’ छापाची चार वाक्यं घालतात. ती वाचून आजवर कुणी फोन केला असेल असं मला वाटत नाही.

यावर माझा एक तोडगा आहे आणि त्याला काही खर्च येत नाही. वेबसाइटचं बोलणं सुरू करायच्या आधी दोन आठवडे फोनपाशी वही ठेवा. लोक फोनवर किंवा दारात आल्यावर जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘सोफ्याचं फक्त कापड बदलून मिळेल का?’ ‘न्यायला घरी येता का?’ ‘किती दिवस लागतात?’ ‘अंदाजे किती?’ दोन आठवड्यांत बारा-पंधरा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. हीच तुमची वेबसाइट. त्यांची उत्तरं साध्या भाषेत लिहिलीत की निम्मं काम झालं. शिवाय लोक गूगलवर याच शब्दांत शोधतात, त्यामुळे वेगळी क्लृप्ती न लढवता त्याचाही फायदा होतो. दर लिहायचे नसतील तर ‘किमान इतके, आणि अमुक गोष्टीवर वाढतात’ एवढं तरी लिहा. काहीच नाही लिहिलं तर वाचणारा ‘महाग असणार’ असं धरून पुढे जातो.

फोटोंचंही असंच. विकतचे हसऱ्या माणसांचे फोटो लोक लगेच ओळखतात. आपल्या कामाचे, आपल्या हातांचे, उजेडात काढलेले मोबाइलचे फोटो चालतात. फक्त ते जसेच्या तसे चढवू नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यातल्या थोड्याच ठिपक्यांना काम असतं. असे दहा फोटो पहिल्या पानावर टाकले की पान उघडायला दमतं. गूगलची शिफारस अशी आहे की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. फोटो लहान करून टाकणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि घाईत तोच राहून जातो.

ऑनलाइन विक्रीचा विषय मी इथे उरकतोच, कारण तो वेगळा लेख आहे. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, प्रत्येक व्यवहारातून टक्केवारी कापते, प्रत्येक वस्तूचा फोटो, माप आणि वर्णन लागतं, शिल्लक माल रोज जुळवावा लागतो, परत आलेल्या वस्तूचं काय करायचं ते आधी ठरवावं लागतं. वस्तू शंभर असतील तर मांडणीच आठवडे खाते. आधी वस्तू दाखवा आणि चौकशी फोनवर किंवा संदेशावर घ्या. रोजच्या चौकश्यांनी हात दुखायला लागले की गाडं पुढे ढकला.

तीन वर्षांचं गणित

वेबसाइटचा खर्च एका आकड्यात बघू नका, तीन वर्षांत बघा. समजा, भाड्याच्या सेवेला महिन्याला ३ पडतात. तीन वर्षांचे ३६ महिने, म्हणजे १०८. दुसरीकडे डेव्हलपर बांधणीचे ८० घेतो, आणि डोमेन, होस्टिंग, अपडेट मिळून वर्षाला १० पडतात. तीन वर्षांचे ११०. पहिल्या दिवशी ३ विरुद्ध ८० असा फरक दिसत होता, तो जवळपास मिटला. पाच वर्षं धरली तर १८० विरुद्ध १३०. म्हणजे बांधून घेणं स्वस्त? एकदम तसंही नाही. पाच वर्षांत डिझाइन एकदा तरी उजळावं लागतं, आणि भाड्याच्या वाटेत तुमचे स्वतःचे जे तास गेले ते आपण मोजलेच नाहीत. धंदा दोन वर्षांत राहील की बदलेल याचीच खात्री नसेल, तर भाडं बरं. बस्तान बसलेलं असेल तर बांधून घ्या.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: पहिल्या वर्षासाठी शंभर बाजूला काढलेत तर बांधणीवर पन्नासच घालवा. वीस-पंचवीस मजकूर आणि फोटोंसाठी, दहा डोमेन-होस्टिंगला, आणि उरलेले तसेच राहू द्या. वेबसाइट सुरू झाल्यावर दोन महिन्यांत तुम्हाला कळेल की लोक भलतंच काहीतरी शोधत येतात आणि ते तुमच्या पानावर नाहीच. तेव्हा हे पैसे लागतात. सगळे शंभर बांधणीत ओतणारे लोक नेमके तिथेच अडकतात.

कोटेशनमध्ये नसलेल्या ओळी

आता पुन्हा ती तीन कोटेशन्स समोर घ्या आणि जे लिहिलेलं नाही ते शोधा. मजकूर कोण लिहिणार? बदल किती वेळा करून मिळणार, आणि त्यानंतर तासाला काय दर? चौकशीचा अर्ज भरला की तो कुठल्या ईमेलवर येणार? हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण असे संदेश स्पॅममध्ये पडून महिनोन्महिने कुणाला न दिसल्याचं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. मालक म्हणतो वेबसाइटचा उपयोग नाही, आणि चौकश्या तिकडे कुजतायत. जुनी वेबसाइट असेल तर जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवणार का, हेही लिहून घ्या. नाहीतर गूगलवरून येणारा माणूस ‘पान सापडले नाही’वर आपटतो आणि इतक्या वर्षांची ओळख पुसली जाते.

‘गूगलवर पहिल्या नंबरवर आणून देऊ’ अशी ओळ असेल तर तो कागद बाजूला ठेवला तरी चालेल. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या मार्गदर्शक पानांवर लिहून ठेवलंय.

पैसे टप्प्याने द्या: काही आधी, काही डिझाइन पसंत पडल्यावर, उरलेले शेवटी. तो शेवटचा हप्ता हातात असेपर्यंत डेव्हलपर तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, तेव्हा त्याचा उपयोग करून घ्या. डोमेन, होस्टिंग आणि वेबसाइट, तिन्ही खात्यांत आपल्या हाताने, आपल्या फोनवरून लॉगिन करा. दुसऱ्या कुणाला तरी चौकशीचा अर्ज भरायला सांगा आणि तो येतोय का बघा. मग डेव्हलपरसमोर एका पानावरचा फोन नंबर स्वतः बदला, जतन करा, आणि परत होता तसा करून ठेवा. हे तुम्हाला दहा मिनिटांत जमलं, तर हप्ता देऊन टाका. नाही जमलं, तर जमेपर्यंत त्याला बसवून ठेवा. चहा तुमच्याकडून.